चारशेच्या पुढचे आकडे

धाड असा आवाज झाला तेव्हा नरहर पडद्याकडे पाहत होता, यंत्राकडे नाही. पडद्यावर चारशे बारा होतं. मग चारशे तेरा. चारशे चौदा. यंत्र चारशे मिलिमीटर लांब होतं, त्यानं स्वतः पट्टीनं मोजून पेन्सिलीची रेघ मारली होती, आणि रेघेच्या पुढे रूळ नव्हता, फळी नव्हती, भिंत होती. तरी आकडे चालले होते. गाडा शेवटच्या लाकडी ठोकळ्यावर आदळून थांबला होता, मोटर जागच्या जागी घुरघुरत होती, कोरणारं पातं कुठंतरी तुटून उडालं होतं आणि त्याच्या गालावर काहीतरी गरम लागलं होतं. त्यानं हात लावून पाहिलं नाही. चारशे एकवीस. उठून बटण दाबावं हे त्याला कळत होतं, आणि तरी तो बघत राहिला, कारण आकडे इतक्या शांतपणे वाढत होते की त्यांच्यावर शंका घेणं उद्धटपणाचं वाटावं. शेवटी मीरा आली आणि भिंतीवरचं बटण तिनं बंद केलं.

"रक्त येऊन राह्यलं गालातून," ती म्हणाली. मग डेटॉलचा कापूस आणला, त्याचं तोंड उजेडाकडे वळवलं, डोळ्याच्या बोटभर खाली, बोटभर, असं दोनदा म्हणाली. एक्कावन्न वर्षांच्या माणसानं दार लावून लाकडाचा भुसा खात बसायचं, कॉलेजातलं वर्कशॉप पुरत नाही म्हणून घरात दुसरं काढायचं, आणि हे सगळं पोरगी नागपूरला गेल्यापासून. मग तिनं कापूस दाबून धरला.

४२२

खोली शाल्मलीची होती. तिच्या अभ्यासाच्या टेबलावर जुना कॉम्प्युटर, टेबलाखाली तिच्या बारावीच्या वह्या, आणि जिथं तिची खाट होती तिथं हे यंत्र: भंगारातल्या प्रिंटरांच्या मोटरी, ड्रॉवरच्या सरकपट्ट्या, हार्डवेअरच्या दुकानातले आट्यांचे रॉड, आणि वरती सुताराचा लाकूड कोरायचा राउटर पट्ट्यांनी आवळून बसवलेला. कॉम्प्युटरवर चित्र काढायचं आणि यंत्रानं ते आपोआप लाकडात कोरायचं. काय कोरणार, असं मीरानं पहिल्या महिन्यात विचारलं होतं आणि तो दारावरच्या पाट्या म्हणाला होता. दीड वर्षात एक पाटी पूर्ण झाली नव्हती. ते त्याला फारसं लागत नव्हतं. त्याला आवडायची ती सुरुवात. यंत्र चालू केलं की आपण कुठं आहोत हे त्याला मुळीच माहीत नसतं. पडद्यावर आकडा असतो, पण तो आकडा म्हणजे समजूत. कॉम्प्युटर मोटरीला सांगतो, दोनशे पावलं जा, आणि धरून चालतो की ती गेली. मोटर उलटून काहीच सांगत नाही. म्हणून आधी त्याला घरी पाठवावं लागतं: गाडा हळूहळू कोपऱ्याकडे सरकतो, तिथल्या बोटाएवढ्या स्विचला टेकतो, टक्, थोडा मागं येतो, पुन्हा त्याहून हळू जाऊन टेकतो, टक्, आणि तेव्हा कुठं पडद्यावर शून्य उमटतं. आता खरं. स्पर्श झाला म्हणून खरं. ही दुसरी टक् ऐकताना त्याच्या मानेतला ताण सुटायचा. कधी कधी तो नुसतं तेवढंच करायचा. घरी पाठवायचा, बंद करायचा, जेवायला जायचा.

तसेच स्विच दुसऱ्या टोकालाही होते, थांबवण्यासाठी. मग थांबलं का नाही. तो गाल एका हातानं धरून खाली वाकला आणि टोकाच्या स्विचजवळ त्याला दोन इंचांचा पिवळ्या तारेचा तुकडा दिसला. त्याचाच. राउटर सुरू झाला की त्याचा खरखराट तारांमध्ये शिरायचा आणि स्विच दाबला न जाताच यंत्र मध्येच थांबायचं, पाटी वाया जायची. वैतागून त्यानं तीन आठवड्यांपूर्वी स्विचच्या दोन टोकांमध्ये हा तुकडा परस्पर जोडून दिला होता. रविवारपर्यंत, असं स्वतःला सांगितलं होतं. तेव्हापासून कॉम्प्युटरला कायम एकच निरोप मिळत होता. सगळं ठीक. सगळं ठीक. गाडा भिंतीत शिरला तरी

४३७

स्विच दोन तऱ्हेनं जोडता येतो. बावीस वर्षं त्यानं कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये पोरांना हे खडूनं काढून दाखवलं होतं. पहिल्या तऱ्हेत तार एरवी गप्प असते. संकट आलं की स्विच दाबला जातो, करंट वाहू लागतो, यंत्र थांबतं. पोरांना हीच सोपी वाटते. पण तार उंदरानं कुरतडली तर? तार गप्पच राहते. गप्प म्हणजे ठीक, असं यंत्र समजतं. दुसऱ्या तऱ्हेत करंट सारखा वाहत असतो, आणि स्विच दाबला, तार तुटली, स्क्रू निघाला, काहीही झालं तरी वाहणं थांबतं, आणि थांबलं की संकट. नेहमी दुसरी तऱ्हा, तो सांगायचा. पोरं उतरवून घ्यायची. आणि त्याच वर्षांत वडिलांना मात्र त्यानं पहिल्या तऱ्हेनं जोडून ठेवलं होतं. दादा, म्हणजे त्याचे वडील प्रभाकरराव, अल्लीपूरला एकटे राहायचे, निवृत्त हेडमास्तर, हट्टी. नरहरनं त्यांना आपला जुना मोबाइल दिला आणि समजावलं, काही लागलं तर एक मिस कॉल द्या, मी लगेच उलटा लावतो. नाही आला तर मी समजेन की तुम्ही मजेत. दादांना ते फार पटलं. उगाच बोलण्यात काय अर्थ, ते म्हणाले. दोन हजार चारचा सप्टेंबर. मंगळवारी मिस कॉल नाही. बुधवारी नाही. बुधवारी संध्याकाळी त्यानं शाल्मलीला घेऊन सायकल घेतली होती, तिला निळी हवी होती, मिळाली लाल, आणि परत येताना दोघांनी चौकात उभं राहून गरम मुंगभजी खाल्ली होती. तिचं बोट भाजलं, ती हसली. आपण सुखी आहोत असं त्याला त्या क्षणी चक्क शब्दांत वाटलं होतं. पुढं तो कितीदा तरी त्या भज्यांपाशी परत गेला. कढईचा आवाज, मिरचीचा ठसका, खिशातला फोन गप्प. गुरुवारी दुपारी शेजारच्या तानबाचा फोन आला. गुरुजी दोन दिसापासून दिसून नाई राह्यले म्हनून पाहाले गेलतो, भाऊ, तुम्ही या. न्हाणीत पडले होते. हात दाराकडे. फोन खुंटीला टांगलेल्या सदऱ्यात होता, बॅटरी उतरलेली, गावात सोमवारपासून लाइन नव्हती. नरहरनं सगळ्यांना सांगितलं की दादा गुरुवारी पहाटे गेले, झोपेतच. बहिणीला, कॉलेजातल्या लोकांना. तानबा बाजूला उभा राहून ऐकत होता. मीराला माहीत होतं. शाल्मलीला त्यानं सांगितलं नव्हतं, तरी तिनं एकदा विचारलं, आजोबांच्या अंगाला इतका वास का येत होता.

तेराव्यानंतर त्यानं घराची तार बदलली. जो बाहेर असेल त्यानं रोज संध्याकाळी सात वाजता एक रिंग द्यायची. एकच, उचलायचं नाही, पैसे नाहीत, बोलणं नाही. वाजली तर ठीक. सातच्या पुढं पाच मिनिटं गेली तर नरहर निघणार. शाल्मलीची रिंग त्याच्या मोबाइलवर यायची, आणि तो स्वतः बाहेर असला तर ती आली की त्यानं लगेच घरी मीराला एक द्यायची, म्हणजे तिला दोघांचंही कळलं. शाल्मली तेव्हा सोळाची. तिला त्यानं बल्ब, स्विच आणि सेल घेऊन दाखवलं होतं, बघ, दिवा लागलेला आहे तोवर सगळं ठीक. ती दिव्याकडे पाहत होती.

"म्हणजे मी मेले नाही हे मी रोज सांगत राहायचं?"

"हो," तो म्हणाला. त्याला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. उत्तर अचूक होतं.

४५०

नागपूरच्या हॉस्टेलवर गेल्यावर तिसऱ्याच महिन्यात एकदा रिंग आली नाही. सात पाच, सात दहा. तिचा फोन लागत नव्हता. मीरा म्हणत होती, टॉवर बंद असेल, नरहर चप्पल घालत होता. साडेनऊला तो हॉस्टेलच्या फाटकाशी होता, वॉर्डनबाईंशी मोठ्यानं बोलत होता, आणि तिन्ही मजल्यांच्या कठड्यांवर मुली येऊन उभ्या राहिल्या होत्या. शाल्मली खाली आली. केसांना तेल लावलेलं, खांद्यावर टॉवेल. टॉवर बंद होता. ती रडली नाही, चिडली नाही. बाबा, उद्या परीक्षा आहे, एवढंच म्हणाली, आणि सगळ्यांसमोर त्याला वाकून नमस्कार केला, जसा सणाला करतात. तो नमस्कार त्याला परतीच्या गाडीत टोचत राहिला. पण त्यानंतर एक दिवस चुकला नाही. सव्वा वर्षात एकही नाही. सात म्हणजे सात. वर्कशॉपमध्ये तो सहकाऱ्यांना हे सांगायचा, आणि मधुकरराव म्हणाले होते, पोरगी आहे का घड्याळ, आणि सगळे हसले होते, तोही. बोलणं मात्र कमी होत गेलं. रिंग आल्यावर बोलायचं उरतं काय. रविवारी ती कधी मैत्रिणीच्या फोनवरून पाच मिनिटं मीराशी बोलायची, दिवाळीनंतर तेही पातळ झालं. संक्रांतीला प्रॅक्टिकल म्हणून आली नाही. मीरानं तिळाच्या वड्या डब्यात ठेवल्या होत्या, त्या फेब्रुवारीपर्यंत तशाच होत्या आणि मग एक दिवस नव्हत्या. कोणी खाल्ल्या त्यानं विचारलं नाही. सातला रिंग आली होती.

पिवळा तुकडा त्यानं उपटून काढला. स्विच पुन्हा जिवंत झाला, आणि राउटर सुरू करताच यंत्र थांबलं. पुन्हा लावलं, पुन्हा थांबलं. खरखर तारांत शिरत होती, ती अडवायला वरून जाळी गुंफलेली तार हवी होती, आणि ती वर्ध्यात मिळत नव्हती. शनिवारी तो नागपूरला गेला. गालावर पट्टी होती. सीताबर्डीत बारा मीटर तार घेतली, दुकानदारानं ती गोल गुंडाळून दोऱ्यानं बांधून दिली, तीन वाजले होते, ऊन चढलेलं होतं, आणि त्याला वाटलं की आलोच आहोत तर. न सांगता जाण्याचा त्याचा विचार नव्हता. सांगायचं म्हणजे फोन करून बोलावं लागलं असतं, आणि बोलायला सुरुवात कुठून करायची हे त्याला रिक्षात बसेपर्यंत सुचलं नाही. तिला पट्टी दिसेल, ती विचारेल, मग सांगता येईल, बघ काय गंमत झाली, आकडे चालले होते आणि

हॉस्टेलच्या फाटकावर बसणाऱ्या जिजाबाईंनी नाव ऐकलं, त्याच्याकडे पाहिलं, आत गेल्या. बराच वेळ कोणी आलं नाही. मग शाल्मलीची खोलीतली सोबतीण आली, दिपाली, सेलूची, किराणा दुकानदाराची मुलगी; गेल्या वर्षी ती एकदा घरी जेवायला आली होती. ती जिन्यावरून उतरत होती आणि तिच्या हातात शाल्मलीचा फोन होता. मागं फुलपाखराचं स्टिकर, एक पंख निघालेला. नरहरनं फोन आधी पाहिला, मुलगी नंतर. तिनं तो हात पाठीमागं नेला, आणि मग तसाच पुन्हा पुढं आणला.

"काका, गालाले काय झालं?"

"शाल्मली कुठं आहे?"

दिपाली फाटकाच्या गजाकडे पाहत सांगत गेली. शाल्मली इथं राहत नाही. डिसेंबरपासून. दोन विषय राहिले होते, मग तिनं कॉलेजात जाणंच सोडलं. कुठंतरी फोनवर बोलायचं काम मिळालं म्हणाली, तिथल्याच मुलींबरोबर खोली घेतली, कोणत्या भागात ते दिपालीला माहीत नव्हतं. जाताना हा फोन ठेवून गेली. सातला एक रिंग दे, विसरू नको, नाहीतर बाबा येऊन उभे राहतील, असं म्हणाली. हसून म्हणाली होती, असंही दिपालीनं सांगितलं, त्याला बरं वाटावं म्हणून असेल.

"तू रोज देते?"

"हो काका. सहा पन्नासचा अलार्म लावला आहे."

तो उभा होता. तारेचं वेटोळं मनगटात अडकवलेलं होतं आणि त्याचा प्लास्टिकचा नवा वास येत होता. अडीच महिने. घरी सात वाजता फोन वाजला की मीरा कणीक मळताना मान हलवायची. तो घड्याळ बघायचा आणि मनात म्हणायचा, शाब्बास. आणि इकडे ही परकी मुलगी, आपल्या आईबापांना फोन करते की नाही कोण जाणे, अलार्म लावून

"तुझं तिच्याशी बोलणं कधी झालं शेवटचं?"

दिपालीनं आठवून पाहिलं. तिच्या नव्या नंबरवर, वीस एक दिवस झाले असतील. नंतर दोनदा लावला, बंद होता.

"वीस दिवस," नरहर म्हणाला. "मग ती बरी आहे हे तुला कसं माहीत?"

ती गोंधळली. इतका सोपा प्रश्न काका का विचारत आहेत हे तिला कळेना. "काही झालं असतं तर तिनं कळवलं असतं ना, काका."

फाटकापलीकडे कोणीतरी बादली आपटली. त्याला दाराकडे गेलेला हात दिसला, ओल्या फरशीवर, बोटं थोडी वाकलेली. दिसला आणि गेला. दिपालीनं वहीचं पान फाडून त्याला नवा नंबर लिहून दिला. ती आता रडकुंडीला आली होती, वॉर्डनला सांगू नका म्हणत होती, मीही फोन ठेवून देते, आजपासून नाही करणार, चूक झाली.

"नाही," तो म्हणाला. "आज दे. आज सातला दे. उद्याचं उद्या पाहू."

"काका?"

"तिच्या आईसाठी," तो म्हणाला, आणि हे खोटं आहे हे त्या मुलीलाही कळलं असावं, कारण तिनं डोळे पुसले आणि त्याच्याकडे जरा घाबरून पाहिलं.

गाडी साडेपाचला सुटली. त्याला खिडकी मिळाली. शेजारी सेलूला उतरणारे एक म्हातारे, डोमाजी, मांडीवर खताच्या पिशवीत गुंडाळलेला पंखा घेऊन बसले होते, पंखा जावयाच्या दुकानातून दुरुस्त करून आणला आणि तो अजून बिघडलेलाच आहे हे त्यांनी बुटीबोरीपर्यंत सांगितलं. जावई हाये, बोलाव तं कसं, ते म्हणाले. नरहर हो हो म्हणत होता. वरच्या खिशात चिठ्ठी होती. नंबर लावला की दोनच गोष्टी होतील. ती उचलेल. नाहीतर उचलणार नाही. लावेपर्यंत दोन्ही नाहीत. लावेपर्यंत ती कुठंतरी आहे, कानाला लावून कुणाशी तरी बोलते आहे, केसांना तेल आहे. पोलिसात जावं. मीराला घेऊन जावं. आधी लावावा. तो या सगळ्याचा नीट क्रमानं विचार करत होता आणि त्याचा अंगठा चिठ्ठीच्या घडीवर फिरत होता. केळझरच्या आसपास दिवे लागले. त्यानं फोन काढला आणि एकेक आकडा दाबला. दहा झाले. पडद्यावर ते दहाही ओळीनं उभे होते, आता फक्त हिरवं बटण राहिलं होतं, आणि तो त्या आकड्यांकडे पाहत राहिला, गाडी खड्ड्यांतून जात होती, आकडे हलत नव्हते.

सात वाजले आणि हातातला फोन वाजला. पडद्यावरचा नंबर पुसला गेला आणि तिथं तिचं नाव आलं. शाल्मली. एक रिंग. बंद.

"उचला नं भाऊ," डोमाजी म्हणाले. "इनकमिंग तं फुकटात हाये आता."

"मिस कॉल होता."

"कोनाचा व्हय?"

"पोरीचा. नागपूरला शिकते."

"बरी हाये नं?"

नरहरनं खिडकीबाहेर पाहिलं. कापूस निघून गेलेली शेतं काळी होत चालली होती. घरी मीरा फोनजवळ बसली असेल, सात वाजून गेले होते, एक मिनिट झालं होतं, दुसरं चाललं होतं, तिचे हात पिठाचे असतील आणि ती घड्याळाकडे बघत असेल.

"बरी आहे," तो म्हणाला.

मग त्यानं घरचा नंबर लावला. एक रिंग जाऊ दिली, आणि कापला.